लॅपटॉपचा पंखा, बॅटरी आणि कर्नल: एका लांबलेल्या प्रश्नाचा आढावा

लॅपटॉप घेताना लोक प्रोसेसर, मेमरी आणि पडदा पाहतात. पंखा कधी फिरू लागेल, बॅटरी किती टक्क्यांवर भरायची थांबेल, कीबोर्डखालचा दिवा किती उजळेल, एफएन धरून दुसरी कळ दाबली की नेमके काय होईल, हे माहितीपत्रकात क्वचितच सापडते. विंडोजवर या गोष्टी लेनोवो व्हँटेज, मायआसुस, आर्मरी क्रेट अशा कंपनीच्याच अ‍ॅपमधून चालतात. लिनक्सवर असे अ‍ॅप बहुधा मिळत नाही. तिथे हे काम कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, एखादा छोटा ड्रायव्हर करतो, आणि पुष्कळदा तो त्या यंत्राच्या अधिकृत कागदपत्रातली एकही ओळ हाती नसताना लिहिलेला असतो. गेली वीस-पंचवीस वर्षे या ड्रायव्हरांभोवती एक वाद चालू आहे: यंत्राच्या या आतल्या सोयींवर नियंत्रण कोणी ठेवावे, कुठून ठेवावे आणि किती खोलवर? वरवर हा अभियांत्रिकीतला बारीक प्रश्न दिसतो. खरे तर तो जबाबदारीच्या वाटणीचा आहे. आजवरचा अनुभव तपासला तर नियंत्रणाची योग्य जागा मुख्य कर्नलमधला, सर्व कंपन्यांसाठी एकसारखी मांडणी ठेवणारा ड्रायव्हर हीच ठरते, असे मला वाटते. त्याला एक अट जोडावी लागते: यंत्राला इजा होऊ न देण्याची शेवटची हमी त्या ड्रायव्हरखालच्या फर्मवेअरने दिली पाहिजे. या मताविरुद्धचे आक्षेप वजनदार आहेत, म्हणून ते क्रमाने पाहू.

यंत्राच्या आत काय असते

लॅपटॉपच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरखेरीज एक लहान मायक्रोकंट्रोलर असतो. त्याला एम्बेडेड कंट्रोलर, थोडक्यात ईसी, म्हणतात. लॅपटॉप बंद असतानाही हा जागा असतो. पॉवरचे बटण दाबले गेले का, चार्जर लावला का, झाकण उघडले का, याकडे तो लक्ष देतो. यंत्र चालू झाले की तापमान वाचून पंख्याचा वेग ठरवतो आणि बहुतेक यंत्रांत कीबोर्डही तोच सांभाळतो. त्याचा प्रोग्रॅम वेगळा आणि रजिस्टरेही स्वतःची. परंपरेने पीसीवर हेक्साडेसिमल ६२ आणि ६६ या दोन पोर्टांवरून त्याच्याशी बोलता येते. कोणत्या रजिस्टरात काय लिहिले म्हणजे काय घडते, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही त्यात फरक पडतो.

या गोंधळावर उपाय म्हणून इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक आणले. त्याची कल्पना चांगली होती. ईसीच्या रजिस्टरांचे ज्ञान कंपनीने बायोसमधल्या तक्त्यांत एएमएल नावाच्या बाइटकोडमध्ये भरून ठेवायचे आणि ऑपरेटिंग सिस्टिमने तो बाइटकोड फक्त चालवायचा. बॅटरीची पातळी, झाकण, तापमान, झोपेच्या अवस्था यांसाठी ही व्यवस्था बऱ्यापैकी चालली. मात्र मानकाने ज्या सोयींची नावेच घेतली नव्हती, त्यांचे काय? चार्जिंगची मर्यादा, 'शांत' आणि 'वेगवान' अशा अवस्था, रंगीत कीबोर्ड हे सारे कंपन्यांनी आपापल्या खासगी मेथडींत घातले, किंवा मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएमआय या वाटेने उघडे केले. डब्ल्यूएमआयमध्ये प्रत्येक सोयीला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. तो क्रमांक आहे हे कर्नलला दिसते. त्याला हाक मारल्यावर काय होईल, हे कंपनीलाच माहीत. डेलच्या कित्येक यंत्रांत तर पंख्याची विचारणा एसएमएम या प्रोसेसरच्या विशेष अवस्थेतून जाते, आणि तेवढा वेळ ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण थांबते. काही मॉडेलांवर हा थांबा इतका लांबतो की वापरणाऱ्याला यंत्र अडखळल्याचे जाणवते. म्हणून त्या ड्रायव्हरमध्ये कोणत्या मॉडेलला कोणता प्रश्न विचारायचा नाही याची यादीच ठेवावी लागली आहे.

अंदाजाने लिहिलेले ड्रायव्हर

डेलसाठीचा आय८के हा ड्रायव्हर २००१ मधला. आयबीएमच्या थिंकपॅडसाठीचा आयबीएम-एसीपीआय २००४ च्या अखेरीस मुख्य कर्नलमध्ये आला आणि पुढे थिंकपॅड-एसीपीआय या नावाने वाढत गेला. तोशिबा, आसुस, सोनी, एसर यांच्यासाठीही असेच ड्रायव्हर तयार झाले. ते लिहिण्याची पद्धत सगळीकडे जवळपास एकच होती. बायोसमधले तक्ते उलगडून त्यातल्या मेथडी वाचायच्या. कळ दाबण्याआधी आणि नंतर ईसीची सगळी रजिस्टरे छापून काय बदलले ते शोधायचे. विंडोजमधले कंपनीचे अ‍ॅप कोणते आदेश पाठवते ते पाहायचे. हे काम करणारे बहुतेक जण त्या त्या मॉडेलचे मालक होते. त्यामुळे ज्या लॅपटॉपला चिकाटीचा मालक मिळाला त्याला ड्रायव्हर मिळाला, बाकीचे तसेच राहिले.

फर्मवेअर फक्त विंडोजवर तपासले जाते, हा त्या काळाचा दुसरा धडा. बायोसचा बाइटकोड ऑपरेटिंग सिस्टिमला 'तू कोण?' असे विचारू शकतो. लिनक्सने सुरुवातीला 'लिनक्स' या नावालाही होकार दिला. त्या होकारानंतर जी वाट चालवली जायची ती कोणी नीट तपासलेली नसायची, आणि यंत्रे विचित्र वागू लागायची. म्हणून २००७ पासून कर्नल त्या नावाला सर्वसाधारणपणे होकार देत नाही, विंडोजच्या आवृत्त्यांच्या नावांना देतो. मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमला दुसऱ्याचे नाव सांगून काम काढावे लागावे, हे या क्षेत्रातल्या शक्तीच्या असमतोलाचे मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

बॅटरीच्या एका आकड्याची गोष्ट

या सगळ्या इतिहासात सर्वांत शिकवणारे प्रकरण चार्जिंगच्या मर्यादेचे आहे. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत ठेवली की लवकर जुनी होते. दिवसभर चार्जर लावून टेबलावर पडून असलेल्या लॅपटॉपसाठी या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. उपाय सोपा आहे: चार्जिंग शंभराऐवजी साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबवायचे. अनेक लॅपटॉपांच्या तपशिलात कामाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच दिलेले असते. चंद्रपूर, नागपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. म्हणजे विदर्भातला लॅपटॉप उन्हाळ्यात निर्मात्याने गृहीत धरलेल्या हवामानाबाहेरच चालतो, आणि बॅटरी व पंखा यांवरचा हक्क तिथे हौसेपुरता राहत नाही.

ही सोय फर्मवेअरमध्ये पुष्कळ कंपन्यांनी दिली होती. प्रत्येक ड्रायव्हरने मात्र ती आपल्या पद्धतीने उघडी केली. सॅमसंगच्या ड्रायव्हरमध्ये तिचे नाव बॅटरी लाइफ एक्स्टेंडर, सोनीत बॅटरी केअर लिमिटर, एलजीत बॅटरी केअर लिमिट, लेनोवो आयडियापॅडमध्ये २०१७ साली आलेले कॉन्झर्व्हेशन मोड. नावांइतकेच अर्थही निराळे. थिंकपॅडला दोन आकडे लागतात, चार्जिंग कुठे सुरू करायचे आणि कुठे थांबवायचे. एलजी ८० किंवा १०० एवढेच स्वीकारतो. आयडियापॅड आकडा विचारतच नाही, फक्त चालू किंवा बंद एवढेच विचारतो आणि टक्केवारी फर्मवेअर ठरवते. परिणामी कोणत्याही डेस्कटॉपला यासाठी एक साधे बटण देणे शक्य नव्हते, कारण त्या बटणामागे दहा कंपन्यांचे दहा नियम लिहावे लागले असते. जाणकार लोक टर्मिनलमध्ये आज्ञा देत राहिले, बाकीच्यांना सोय असल्याचे कळलेही नाही.

मग बॅटरीच्या सामायिक विभागात सुरुवात आणि शेवट यांच्या मर्यादांसाठी ठरावीक नावाच्या दोन फाइली आल्या. थिंकपॅडला २०१८ मध्ये मुख्य कर्नलमध्येच मर्यादा मिळाली (तोवर बाहेरची मॉड्युले वापरावी लागत), आसुसला २०१९ मध्ये, आणि पुढे एलजीने जुने नाव कालबाह्य ठरवून नवे स्वीकारले. याचे फळ वर दिसले. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये २०२० साली आणि ग्नोम या डेस्कटॉपमध्ये २०२५ साली बॅटरी जपण्याची सोय थेट सेटिंगमध्ये आली. ड्रायव्हर कर्नलमध्ये असणे पुरेसे नव्हते. सर्व ड्रायव्हरांनी एकाच नावाने बोलणे हे निर्णायक ठरले. कामगिरीच्या अवस्थांबाबत २०२१ साली हाच मार्ग घेतला गेला. त्यासाठी प्लॅटफॉर्म प्रोफाइल ही सामायिक फाइल आली, आणि तिच्यामागचे मूळ काम लेनोवोच्या एका अभियंत्याने केले होते. कंपनी आतून सहभागी झाली की काय बदलते, ते इथे दिसते: अंदाज बांधायची गरज उरत नाही.

चार भूमिका

आज या प्रश्नावर ठळकपणे चार भूमिका दिसतात. पहिली म्हणते, कर्नलला यात गुंतवूच नये. एनबीएफसीसारखी साधने वापरकर्त्याच्या पातळीवर राहून ईसीची रजिस्टरे थेट लिहितात; प्रत्येक मॉडेलची माहिती एका लहान फाइलीत असते आणि ती कोणालाही दुरुस्त करता येते. नवे मॉडेल आले की त्याच आठवड्यात त्याची फाइल येऊ शकते, कर्नलच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. हा वेग खरा आहे. अडचण अशी की कर्नलही त्याच ईसीशी त्याच वेळी बोलत असतो. बायोसचा बाइटकोड एक रजिस्टर वाचत असताना बाहेरचा प्रोग्रॅम दुसरे लिहीत असेल आणि दोघांत कुलूप नसेल, तर चुकीचे वाचन कधी होईल हे सांगता येत नाही. शिवाय ज्या दाराने पंखा हाताळता येतो त्याच दाराने ईसीतले दुसरे काहीही हाताळता येते. सिक्युअर बूट असलेल्या यंत्रांत २०१९ पासून आलेली लॉकडाउनची व्यवस्था अशी उघडी दारे बंद करते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबर आहे.

दुसरी भूमिका मुख्य कर्नलबाहेरच्या मॉड्युलची. लेनोवो लीजनसाठीचे मॉड्युल आणि जर्मनीतल्या टुक्सेडो कंपनीचे ड्रायव्हर ही तिची परिचित उदाहरणे. असे मॉड्युल डीकेएमएसच्या मदतीने प्रत्येक नव्या कर्नलबरोबर पुन्हा बांधले जाते. प्रयोगासाठी ही जागा उत्तम. लीजनच्या बाबतीत वापरकर्त्यांनी बाहेर शोधलेल्या सोयी कितपत उपयोगी आहेत हे आधी सिद्ध झाले, आणि २०२५ मध्ये लेनोवोच्या गेमिंग यंत्रांसाठीचे डब्ल्यूएमआय ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आले. टुक्सेडोच्या प्रकरणात परवान्याचा प्रश्न उभा राहिला. कर्नलचा परवाना जीपीएलची दुसरी आवृत्ती. कंपनीचे ड्रायव्हर तिसऱ्या आवृत्तीखाली होते, आणि या दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. कोणता भाग केव्हा मुख्य कर्नलमध्ये न्यायचा हे आपल्या हाती असावे, अशी कंपनीची भूमिका होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मॉड्युले जीपीएलची मानू नयेत असा प्रस्ताव कर्नल विकासकांकडून आला आणि कंपनीने परवाना बदलला. दोन्ही बाजूंचा हेतू स्वच्छ असतानाही मुक्त ड्रायव्हर मुक्त कर्नलमध्ये बसत नाही, असे घडू शकते.

तिसरी भूमिका मुख्य कर्नलची, जिच्या बाजूने मी आहे. इथे प्रत्येक बदल दुसऱ्या कोणीतरी वाचलेला असतो, दोन ड्रायव्हर एकाच वेळी ईसीवर तुटून पडणार नाहीत याची काळजी असते, आणि एकदा दिलेली फाइल सहजासहजी काढून घेतली जात नाही. या शेवटच्या नियमाची किंमतही आहे: घाईत दिलेले चुकीचे नाव वर्षानुवर्षे सांभाळावे लागते, म्हणून परीक्षक सावध असतात आणि काम हळू चालते. तो संथपणा वापरकर्त्याला खुपतो, आणि त्याची तक्रार रास्त आहे. मात्र बॅटरीच्या प्रकरणात खरा वेळ परीक्षणात गेला नाही. तो गेला प्रत्येकाने वेगळे नाव ठेवण्यात आणि नंतर ती नावे एकत्र आणण्यात.

चौथी भूमिका सर्वांत खोल जाते. तिच्या मते ड्रायव्हरची चर्चा मुळाशी पोहोचतच नाही. ईसीचे फर्मवेअरच मुक्त हवे. क्रोमबुकांमध्ये हे बऱ्याच वर्षांपासून घडत आले आहे, सिस्टिम७६ ने आपल्या अनेक यंत्रांसाठी ते केले, आणि क्रोमबुकच्याच ईसी-कोडवर बेतलेले आपले फर्मवेअर फ्रेमवर्क या लॅपटॉप-कंपनीने २०२२ मध्ये खुले केले. अशा यंत्रासाठी ड्रायव्हर लिहिताना तर्क लढवावा लागत नाही, कोड वाचला की झाले. आदर्श म्हणून ही भूमिका मला पूर्णपणे पटते. पण जगातले बहुसंख्य लॅपटॉप अशा कंपन्यांचे नाहीत, आणि जे आज लोकांच्या टेबलावर आहेत त्यांना उत्तर हवे आहे.

सुरक्षेचा आक्षेप

तिसऱ्या भूमिकेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की अंदाजाने लिहिलेला ड्रायव्हर यंत्र मारू शकतो. तो काल्पनिक नाही. जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप युईएफआय या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीने उबुंटू हे लिनक्स-वितरण सुरू केल्यावर कायमचे बंद पडले. संशय सॅमसंग-लॅपटॉप या ड्रायव्हरवर गेला, कारण तो जुन्या बायोससाठी असलेल्या मेमरीच्या पत्त्याला हात लावत होता. युईएफआयवर तो चालणारच नाही अशी दुरुस्ती लगेच झाली. पुढे कर्नल विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी दाखवले की फर्मवेअरच्या साठवणीची जागा भरली की ही यंत्रे मरतात, आणि ते विंडोजमधूनही घडवता येते. दुसरी घटना उबुंटू १७.१० ची. डिसेंबर २०१७ मध्ये त्या आवृत्तीचे डाउनलोड मागे घ्यावे लागले, कारण लेनोवो आणि इतर काही यंत्रांत बायोसच्या सेटिंग जतन होईनाशा झाल्या. कारण होते इंटेलच्या फ्लॅश चिपसाठीचा ड्रायव्हर. सर्वसामान्य वापरासाठी तो नव्हताच, तरी उबुंटूच्या कर्नलमध्ये तो चालू राहिला होता.

या दोन घटना मी आक्षेपाच्या बाजूने पूर्ण मोजतो. तरीही त्यांतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. सॅमसंगच्या प्रकरणात मूळ दोष फर्मवेअरचा होता. दुसऱ्या प्रकरणात धोका ओळखलेला होता, चूक बांधणीतल्या निवडीची होती. दोन्ही वेळा दोष उघडपणे शोधला गेला आणि दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोहोचली. तीच चूक कोणाच्या वैयक्तिक स्क्रिप्टमध्ये असती तर शेकडो यंत्रे एकेक करून मेली असती आणि कारण कुणाला जुळवता आले नसते. सावध ड्रायव्हर कसा असतो याचा नमुना थिंकपॅड-एसीपीआय देतो. पंख्याचे हाताने नियंत्रण त्यात मुळात बंद असते, ते मुद्दाम चालू करावे लागते. शिवाय त्यात जास्तीत जास्त १२० सेकंदांचा पहारेकरी टायमर लावता येतो: पंखा सांभाळणारा प्रोग्रॅम तेवढ्या वेळात काही बोलला नाही, तर ड्रायव्हर पंखा पुन्हा सुरक्षित अवस्थेत नेतो. तरी ड्रायव्हर स्वतःच कोसळला तर तापमानाची हद्द राखणारे खाली कोणीतरी लागतेच, आणि ते काम ईसीचे. सुरुवातीला घातलेली अट याच कारणासाठी.

न सुटलेले प्रश्न

पंख्याच्या वक्ररेषेला, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग या तक्त्याला, सर्वमान्य रूप मिळालेले नाही. काही फर्मवेअर सहा बिंदू मागतात, काही आठ. काही यंत्रांत प्रोसेसर आणि ग्राफिक्सचे पंखे वेगळे, काहींत जोडलेले. बॅटरीसारखा एकच आकडा इथे पुरत नाही.

रंगीत कीबोर्डचा प्रश्न त्याहून अवघड. कर्नलमधली एलईडीची व्यवस्था एका दिव्याला एक फाइल देते. शंभर कळींच्या, प्रत्येक कळीला स्वतंत्र रंग असलेल्या कीबोर्डला ती पेलत नाही, आणि हलती चित्रे दाखवायची तर सेकंदाला कित्येक वेळा सगळ्या फाइली लिहाव्या लागतील. कर्नलने यासाठी नवे द्वार बनवावे, की यूएसबी-एचआयडीच्या लॅम्पअ‍ॅरे या मानकाचे रूप धारण करून उरलेले काम वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमवर सोडावे, यावर चर्चा झाल्या आहेत. लॅम्पअ‍ॅरेच्या बाजूने असा मुद्दा आहे की विंडोज ११ ने २०२३ पासून तेच मानक धरले आहे, त्यामुळे पुढची यंत्रे बहुधा त्याच वाटेने येतील. विरुद्ध मुद्दा हा, की आजची डब्ल्यूएमआयवर चालणारी यंत्रे ते मानक बोलत नाहीत. त्यांच्यासाठी कर्नलला खोटे एचआयडी उपकरण उभे करावे लागेल.

मॉडेलांच्या याद्यांचा प्रश्नही उभाच आहे. अनेक ड्रायव्हर यंत्राचे नाव तपासून 'याला ही सोय आहे' असे ठरवतात. नवे मॉडेल आले की यादीत एक ओळ घालावी लागते. ती घालणाऱ्याकडे ते यंत्र असते, परीक्षकाकडे नसते, आणि पाच वर्षांनी कोणाकडेच नसते. जुन्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा करताना काही मोडले का, हे तपासायला यंत्र कुठून आणायचे? कंपन्यांनी किमान आपल्या डब्ल्यूएमआय मेथडींचे वर्णन प्रसिद्ध केले तर यादीची गरज बरीच कमी होईल. व्यापारी गुपित म्हणून झाकावे असे पंख्याच्या तीन अवस्थांत फारसे काही नसते.

आणि आता एआरएम प्रोसेसरचे लॅपटॉप येत आहेत. लिनक्सवर ते बहुतांशी एसीपीआयऐवजी डिव्हाइस ट्री वापरतात, त्यामुळे ईसीचे ज्ञान बायोसच्या बाइटकोडमध्ये झाकून ठेवण्याची जुनी सोय तिथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक ईसीसाठी कर्नलमध्ये स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. २०२४ मध्ये कर्नलमध्ये एआरएम लॅपटॉपांसाठी वेगळे दालन उघडले गेले. त्यातले सुरुवातीचे ड्रायव्हर एसरच्या आणि लेनोवोच्या एकेका मॉडेलचे आहेत, आणि तेही उलट-अभियांत्रिकीतूनच लिहिलेले. पंचवीस वर्षांपूर्वी नेहमीच्या एक्स८६ प्रोसेसरच्या लॅपटॉपांवर जिथून सुरुवात झाली, तिथूनच ही नवी यंत्रे सुरुवात करत आहेत. फरक इतकाच की बॅटरीची मर्यादा, पंखा आणि कामगिरीच्या अवस्था यांसाठी सामायिक नावे या वेळी आधीपासून तयार आहेत, आणि नव्या ड्रायव्हरने त्यांच्यापासून वेगळे व्हायचे तर कारण द्यावे लागेल.